घरटी एक, सकाळी सहा वाजता

चार माणसांत राहायचे म्हणजे घरटी एक माणूस द्यावाच लागतो. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणूनच तो पाळला जातो. मयतीला घरटी एक, सावडायला घरटी एक, गणपतीच्या बैठकीला घरटी एक, नळाला पाणी नाही म्हणून नगरपालिकेवर मोर्चा न्यायचा तरी घरटी एक. लग्नाचे आवतन चूलबंद असेल, म्हणजे घरची चूल बंद ठेवून अख्ख्या घराने जेवायला यायचे असेल, तेवढे सोडले तर पांढुर्ण्याच्या सभ्य घरातून एका कामाला दोन माणसे निघत नाहीत. निघाली तर शेजारचे विचारतात, "काहून बाप्पा, घरी काही झालं का?"

(सामूहिक कामाचा आमचा अनुभव दांडगा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगडसुद्धा सामूहिकच फेकले जातात.)

तर पांढुर्णा जिल्हा झाला आणि जिल्ह्याला जे जे लागते ते ते हळूहळू येऊ लागले. साहेब आले, साहेबांच्या गाड्या आल्या, गाड्यांमागून शिबिरे आली. असेच एक शिबिर आझाद वार्डाच्या शाळेत भरले आणि तिथे लोकांची वजने घेण्यात आली. निष्कर्ष गंभीर होते. वार्डातल्या दर दहा कर्त्या माणसांमागे सहा स्थूल, तीन अतिस्थूल आणि एक काट्यावर चढायलाच तयार नाही, असे आढळले. (या शेवटच्या गटाची नोंद "सडपातळ" अशी करण्यात आली आहे.) पोटाच्या बाबतीत वार्ड जिल्हा होण्याच्या कितीतरी आधीच जिल्हा पातळीवर पोहोचला होता, हे यावरून सिद्ध झाले.

लगोलग "आझाद वार्ड सामूहिक स्वास्थ्य प्रशिक्षण तथा स्थूलता निवारण समिती" स्थापन झाली. सचिव म्हणून निवृत्त शिक्षक गुलाबराव मास्तर यांची निवड झाली, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती. अध्यक्षपद दत्तात्रय सांबारतोडे यांच्याकडे आले. दत्तूभाऊंचे बाजारात खत-बियाण्याचे दुकान, आणि वार्डातली कोणतीही मयत त्यांच्यावाचून उठत नसे. लाकडे किती, गोवऱ्या किती, कोणाच्या घरून कोण आले आणि कोणाच्या घरून कोणीच आले नाही, हे त्यांना तोंडपाठ. अशा माणसाकडे आरोग्याचे खाते जाणे साहजिकच होते.

पहिल्या बैठकीत प्रशिक्षक कुणाल हजर होता. पोरगा नागपूरहून व्यायामाचे शास्त्र शिकून आलेला, अंगाने काटक, आणि वयाच्या मानाने स्पष्ट बोलणारा. म्हणजे अडचणच.

"काका," तो म्हणाला, "शाळेच्या मैदानावर रोज सकाळी सहा वाजता. साऱ्यायनं या लागते. ज्याचं वजन त्यानंच उतरवा लागते."

दत्तूभाऊ प्रेमाने हसले. "पोरा, तू अजून लहान आहे. मैदान केवढं, वार्ड केवढा? हे सारे एका वेळी आले तं उभे कोठी राहतीन? त्यापेक्षा आपली रीत आहे ना. घरटी एक."

सभेने माना डोलावल्या. इतका सोपा मार्ग आधी कोणाला कसा सुचला नाही, याचे सर्वांना नवल वाटले. ठराव एकमताने मंजूर झाला. प्रशिक्षकाचे मत विचारात घेण्यात आले, पण फार वेळ नाही.

आता कोणी म्हणेल, दत्तूभाऊंना यात गंमत वाटत होती. मुळीच नाही. त्या बैठकीत खरी निकड कोणाला असेल तर त्यांनाच होती. त्यांची धाकटी, स्नेहा, हिचे लग्न सौंसरच्या एका संत्राबागवाल्यांकडे ठरले होते. मुहूर्त वैशाखातला. आणि साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरगी बापाच्या खुर्चीजवळ येऊन म्हणाली होती, "बाबा, कन्यादानाले तुम्हीच बसजा. खाली, पाटावर, आईच्या बाजूनं. खुर्चीवरून नाही हं. मले तुमच्याच ओंजळीतून पाणी पाह्यजे."

"बसतो ना बाई. मी नाही तं कोण बसन?" दत्तूभाऊ म्हणाले खरे. पण कित्येक वर्षांत जमिनीशी त्यांचा संबंध तळपायापुरताच उरला होता. पंगतीत त्यांच्यासाठी टोकाला प्लास्टिकची खुर्ची मांडली जाई आणि गावाची टकले बघत ते जेवत. खाली बसता येत नसे, बसलेच तर उठता येत नसे. नागपूरच्या डॉक्टराने गुडघ्यांचे फोटो पाहून सांगितले होते, "गुडघे अजून ठीक आहेत. वरचं ओझं उतरवा. रोज चाला." एवढ्यासाठी नागपूरपर्यंत जावे लागले याचे त्यांना वाईट वाटले होते. पण आता गोष्ट पोरीची होती. स्नेहावर त्यांचा फार जीव. त्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटले, युरिया संपला.

म्हणून समितीत पहिले नाव लागले ते सांबारतोड्यांच्या घराचे. प्रश्न एवढाच होता की घरून कोण जाणार.

निवड अगदी पारदर्शकपणे झाली. खुद्द दत्तूभाऊ जाऊ शकत नव्हते, कारण ते अध्यक्ष होते आणि अध्यक्षाने मैदानात घाम गाळला तर पदाचा मान काय राहिला? मुलगा सौरभ रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर जगाची खबर ठेवत असे, तेव्हा तरण्याताठ्या माणसाची झोप मोडणे बरे नव्हे. पत्नी नलिनीबाईंच्या कंबरेत चमक होती (व्यायाम सुरू होणार हे कळल्यापासून). स्नेहा नवरी, तिला ऊन लागून चालणार नाही. राहता राहिली सून, अमृता. ती पाच वाजता उठतच होती. पाणी भरून, सडा टाकून, चहा ठेवून सहा वाजता तिचे हात मोकळे असल्याचे नलिनीबाईंच्याच लक्षात आले.

"तसंही तुले उठाच लागते," त्या म्हणाल्या. "जाऊन येजो पटकन. तेवढंच घरचं नाव लागन."

अमृताच्या अंगावर मूठभर मांस नव्हते. पण प्रतिनिधी निवडताना आपण त्याचे गुण पाहतो थोडेच? घरी कोण रिकामे आहे, एवढेच पाहतो.

सोमवारी सकाळी सहा वाजता गुलाबरावांनी शिट्टी फुंकली आणि मैदानावर आझाद वार्डाचा स्थूलतेविरुद्धचा लढा उभा राहिला. वार्डातल्या झाडून साऱ्या सुना तिथे होत्या. ज्या घरात सून नव्हती तिथून मोलकरीण आली होती. एका घरून सासरेबुवांनी भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याला पाठवले होते. कुणालने काट्यावर एकेकीला चढवले आणि तो डोक्याला हात लावून खालीच बसला. वार्डाचे वजन एका रात्रीत निम्म्यावर आले होते. समितीने याची विशेष नोंद घेतली आणि पहिल्या दिवसाचा अहवाल "अपेक्षेपेक्षा उत्साहवर्धक" असा पाठवून दिला.

समितीने सर्वांना टी-शर्ट दिले. माप घेण्यासाठी समितीचे सदस्यच हाताशी असल्याने सारे टी-शर्ट त्यांच्याच मापाचे आले. पंजाबी ड्रेसवर ते चढवून सुना धावू लागल्या की आत वारा भरे आणि लांबून बघणाऱ्याला वाटे, बाजारातले तंबू उठून तिगावच्या रस्त्याला लागले.

कुणाल बिचारा काय करणार? त्याला शिकवायचे होते वजन उतरवणे आणि पुढ्यात उभ्या होत्या अशा, की ज्यांना आधी कोणीतरी दोन वेळा बसून जेवू घालायला हवे. पहिले काही दिवस तो रोज एकेकीला विचारी, "वहिनी, तुमच्या घरचे काहून येत नाही?" आणि ती म्हणे, "मी आली ना."

इकडे घरात प्रशिक्षणाचे परिणाम दिसू लागले. अमृता परत आली की दत्तूभाऊ चहाचा कप खाली ठेवून चौकशी करत. "आज का का झालं?" ती सांगे, दहा फेऱ्या, बैठका, दोरीवरच्या उड्या. ऐकता ऐकता त्यांना धाप लागे. "बाप रे! बैठका जास्त होऊन राहिल्या बरं," असे म्हणून ते मांडीवरून हात फिरवत, आणि झीज भरून निघावी म्हणून नाश्त्याला तर्री-पोह्यांची एक प्लेट वाढवून घेत. दुकानात गिऱ्हाइकांना ते अभिमानाने सांगत, "आमच्या घरून रोजचं चालू आहे. एक खाडा नाही." कुणालने दिलेला आहाराचा तक्ताही घरात कडक पाळला जाई. मोड आलेले मूग, उकडलेल्या भाज्या, साखर बंद, तेल बंद. सारे अमृताला.

हे असे चालते का, अशी शंका एकदा स्नेहानेच काढली. तेव्हा दत्तूभाऊंनी तिला शांतपणे समजावले. "तुही आई माह्यासाठी वटसावित्री धरते. हरतालिका धरते. उपास तिचा, आयुष्य माहं. मी जिता आहे का नाही?" ते समोर बसलेले होते, तेव्हा नाही म्हणणे कठीण होते. "मंग? उपासाचं फळ इकडचं तिकडं जाते, तं बैठकाचं काहून नाही जाणार?" पुढे त्यांनी हेही दाखवून दिले की सौंसरकडे जामसावळीला खुद्द हनुमानजी पहुडलेले आहेत, आणि त्यांच्या शक्तीबद्दल आजवर कोणी शंका घेतलेली नाही. वादाला जागाच उरली नाही.

रक्तातली साखर वाढल्याचे कळले तेव्हा दत्तूभाऊंनी मात्र हयगय केली नाही. ताबडतोब सुनेला बोलावून म्हणाले, "उद्यापासून माह्या नावानं दोन फेऱ्या जास्त मारजो." अमृताने मारल्या. ती मुलगी चांगली होती. सासऱ्यांचा चेहरा पोरीच्या लग्नाची गोष्ट निघाली की कसा होतो, हे घरात तिच्याच ध्यानात आले होते. एका सकाळी उंबऱ्यावर बूट घालताना ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही चाला ना माह्यासंगं. पळू नका, नुसते चाला. मी हळू चालीन."

दत्तूभाऊंना भरून आले. पण माणसाने व्यवहार सोडू नये. "एका घरचे दोघं गेले तं लोक का म्हणतीन?" ते म्हणाले. "दुसऱ्याची जागा अडते, बाई."

सौंसरलाही त्याच सुमारास असेच प्रशिक्षण सुरू झाले होते. पण तिकडच्या लोकांनी काय केले, तर आवतन चूलबंद दिले. आजोबा, आजी, बाप, लेक, सून, नातू, सारे घर सकाळी मैदानात, आणि घराला कुलूप. पांढुर्ण्यात ही बातमी आली तेव्हा समितीत बराच वेळ हशा पिकला. "सौंसरवाल्यायले रीतच नाही," गुलाबराव म्हणाले. "अख्खं घर घेऊन का पळते कोणी? बोरगावच्या कंपनीत का एका नोकरीवर अख्खं घर जाते?" होणाऱ्या व्याह्यांबद्दल मात्र दत्तूभाऊ काही बोलले नाहीत. सोयरीक मोडण्याइतका दोष तो नव्हता.

लग्नाला महिना उरला. एका दुपारी दत्तूभाऊंनी खोलीचे दार लावून घेतले, पाट मांडला आणि प्रशिक्षणाचा कितपत गुण आला ते पाहायचे ठरवले. पलंगाची कड धरून ते अर्ध्यापर्यंत गेले. पुढचे अर्धे त्यांनी केले नाही, ते आपोआप झाले. भिंतीवरचा आरसा हलला. मग बराच वेळ ते पाटाशेजारी कुशीवर पडून राहिले. हाक मारावी तर लाज, न मारावी तर संध्याकाळ. शेवटी अमृतानेच आवाज ऐकून सौरभला आणले आणि दोघांनी मिळून त्यांना उभे केले. म्हणजे अमृताने केले. सौरभला मध्येच दम लागला.

"कोणाले सांगू नका," दत्तूभाऊ म्हणाले. स्नेहासमोर आपण खोटे पडणार, हे त्यांना पहिल्यांदा दिसले आणि ते मनापासून घाबरले.

दुसऱ्या दिवशी ते पाच वाजता उठले. सौरभचे बूट पायात कोंबले आणि अंधारातच काठी घेऊन एकटे निघाले. अमृता मागाहून येणार होती. शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर दोनदा थांबावे लागले. पण ते पोहोचले. तिथे गुलाबराव शिट्टी गळ्यात घालून उभे होते, आणि जवळच्या बोळातून आलेली अमृता केव्हाच आत जाऊन हजेरी देऊन बसली होती.

"दत्तूभाऊ! तुम्ही काहून आले?"

"म्हटलं, आजपासून मीही जरा..."

गुलाबरावांचा चेहरा गंभीर झाला. "तुमच्या घरची हजेरी लागली."

"असू द्या ना मास्तर. एका बाजूनं चालतो. कोणाले तरास नाही देत."

"तुमाले घेतो, मंग उद्या सारा वार्ड येईन. ठराव कोणाचा होता, भाऊ?"

ठराव त्यांचाच होता. कुणाल आतून धावत आला, "येऊ द्या ना सर, येऊ द्या," असे ओरडला, अमृतानेही "मी जातो घरी, मामाजीले घ्या" म्हणून पाहिले. पण एकदा लागलेली हजेरी बदलता येत नाही, हे गुलाबरावांनी तिला मायेने सांगितले. दत्तूभाऊंनी मान हलवली. नियम म्हणजे नियम. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी त्यांच्या मनाला लाज वाटत होती आणि गुडघ्यांना हायसे. परतताना गुडघे जिंकले. वाटेत चौकात गरम कचोऱ्या निघत होत्या. चालून आल्यावर भूक लागतेच.

समारोपाच्या दिवशी आझाद वार्ड साऱ्या शहरात पहिला आला. प्रशिक्षणार्थींमध्ये एकही स्थूल आढळला नाही, हा निकाल जिल्ह्यात दुसऱ्या कोणालाही साधला नव्हता. एक खाडा नाही, सर्वांत जास्त फेऱ्या आणि सर्वांत वेगवान धाव यासाठी "आदर्श निरोगी परिवार" हा मान सांबारतोडे घराला मिळाला, आणि कुटुंबप्रमुख म्हणून दत्तूभाऊंनी तो खुर्चीवरच स्वीकारला. अमृता मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. एवढ्या अवधीत दत्तूभाऊंचे वजन सात किलोंनी वाढले होते, पण ते वैयक्तिक होते. सामूहिक वजन उतरले होते.

वैशाख आला. सौंसरची वरात लॉनमध्ये उतरली आणि आमच्या लोकांनी पाहिले की वऱ्हाडातले सत्तरीचे आजोबा बसमधून उडी मारून उतरताहेत. व्याही-विहीण नाचत आले आणि थांबले नाहीत. हे वागणे पाहुण्यांना शोभणारे नव्हते, असे आमच्याकडच्या बहुतेकांनी खुर्च्यांवर बसून एकमेकांना सांगितले.

मंगलाष्टके झाली. भटजींनी पाट मांडले आणि पुकारा केला, "मुलीचे आई-वडील! कन्यादानाले या जी."

दत्तूभाऊ उठले. नवे धोतर, खांद्यावर उपरणे. सारा मांडव बघत होता. त्यांनी एक हात नलिनीबाईंच्या खांद्यावर ठेवला, नलिनीबाईंनी आपला त्यांच्या खांद्यावर, आणि दोघे वाकले. थोडेसे वाकले आणि तिथेच राहिले. खाली जाईना, वर येईना. कोणीतरी "सांभाळा, सांभाळा" म्हणाले. दोघा-चौघांनी धरून त्यांना मागे खुर्चीत बसवले. दत्तूभाऊंनी परत उठायचा प्रयत्न केला. परत बसवले. मुहूर्त चालला होता आणि भटजी घड्याळ बघत होते.

तेव्हा गुलाबराव मास्तर पुढे झाले. प्रसंग ओळखणारा माणूस. "यात अडचण का आहे?" ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "दत्तूभाऊच्या घरून बसण्या-उठण्याचं काम सूनबाई पाहते. साऱ्या वार्डाले ठाऊक आहे."

मांडवात आझाद वार्ड हजर होता. चूलबंद. कोणालाही यात काही वावगे वाटले नाही. अमृता सासऱ्यांकडे बघत राहिली, जागची हलेना. शेवटी दत्तूभाऊंनीच हात हलवून तिला "जा" म्हटले. ती पटकन मांडी घालून बसली. प्रतिनिधीचे यजमान या नात्याने सौरभलाही शेजारी बसवण्यात आले (त्याला नंतर तिघांनी उठवले). अमृताने कलशातून धार धरली. पाणी सौरभच्या ओंजळीतून स्नेहाच्या ओंजळीत आले, तिथून नवरदेवाच्या.

स्नेहाने मान वर केली. "बाबा?"

"आहे ना बाई, इथंच आहे," दत्तूभाऊ खुर्चीवरून म्हणाले. "घरचंच माणूस बसलं आहे." त्यांनीही मांडीवर दोन्ही हातांची ओंजळ धरली होती, कधी धरली ते त्यांनाही कळले नव्हते. वरून पाणी कोणी घातले नाही. ते लहान मुलासारखे रडू लागले, आणि लोक म्हणाले, पोरीचा बाप आहे, रडणारच.

गोष्ट संपली. दत्तूभाऊंना नावे ठेवून झाली असतील तर एकच विचारतो. हे वाचता वाचता तुमच्या मनात आले असेल की हे अमक्याने वाचायला पाहिजे. त्या जाड्या मेव्हण्याने, त्या शुगरवाल्या साहेबाने, घरातल्याच त्या एका माणसाने. कदाचित त्याला पाठवायला एव्हाना मोबाइल हातात घेतलाही असेल. पाठवा, खुशाल पाठवा. तुमच्या घरची हजेरी लागली.